विष उतरले, मग न्यूमोनिया कुठून आला?



या सदरात आपण एरवी बियाणे, खत, पाणी आणि कीड यांविषयी बोलतो. आजचा विषय दवाखान्यातला आहे. तरीही तो या पानाबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. श्वासाच्या यंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर जाण्याची वेळ खेड्यातल्या माणसावर पुष्कळदा शेतातूनच येते. आणि त्या यंत्रावर असताना जडणाऱ्या एका घातक आजाराची काही मुळे आपल्या गोठ्यात आणि कोंबड्यांच्या शेडमध्येही पसरली आहेत.

निमित्त एका वाचक भगिनीच्या पत्राचे. त्यांच्या थोरल्या दिरांना भाद्रपदात रात्री झोपेत मण्यार चावली. चावल्याचे कळलेही नाही. पहाटे पोटात कळा आल्या, पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली आणि श्वास अडला. जिल्ह्याच्या गावी नेले, प्रतिविष दिले, यंत्रावर ठेवले. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, बोटे हलू लागली. घरात पेढ्यांची बोलणी सुरू झाली, तोच पाचव्या दिवशी सडकून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया झाला. आणखी दोन दिवसांनी म्हणाले, जंतू रक्तात गेले. माणूस एकविसाव्या दिवशी घरी आला, पण दीड एकर गहाण पडले. बाई विचारतात, "साहेब, विष तर उतरले होते. बरे व्हायला दवाखान्यात नेले आणि तिथेच नवे दुखणे लागले. ही चूक कोणाची?"

प्रश्न रास्त आहे. मी कृषी पदवीधर, डॉक्टर नव्हे. परंतु नोकरीच्या निमित्ताने फवारणीच्या विषबाधेची आणि सर्पदंशाची माणसे घेऊन दवाखान्यात जाणे माझ्या वाट्याला अनेकदा आले आहे. अशा वेळी बाहेरच्या बाकावर बसलेल्या घरच्यांना आत काय चालले आहे याचा काही पत्ता नसतो, आणि सांगायला कोणाला सवडही नसते. म्हणून जे समजून घेता आले ते आपल्या भाषेत मांडतो.

यंत्र कशासाठी लागते ते आधी पाहू. नाग आणि मण्यार यांचे विष स्नायूंना लुळे करते. छातीचा भाता हलवणारे स्नायूही लुळे पडतात. माणसाचे हृदय चांगले असते, मेंदू शाबूत असतो. फक्त श्वास ओढण्याचे बळ नसते. मण्यारीच्या बाबतीत हे बळ परत यायला कधी कधी आठवडाही लागतो. तेवढे दिवस यंत्राने श्वास दिला तर माणूस ठणठणीत होऊन पुन्हा औत धरू शकतो. (पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, बाजेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा, हे मी दर आषाढात लिहितो, यंदाही लिहीन.)

दुसरे कारण कीटकनाशकांचे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो शेतकरी व मजूर दवाखान्यात गेले आणि वीसहून अधिक दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातल्या औषधांची एक खोड अशी, की अॅट्रोपीन दिल्यावर लाळ आणि घाम आटोक्यात येतो, माणूस बोलू लागतो, आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसात त्याला मान उचलता येईनाशी होते, श्वास उथळ होतो. या मधल्या टप्प्याचे नीट वर्णन १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी लिहून ठेवले. तेव्हा विषबाधेच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून सही देऊन घरी आणण्याची घाई करू नये. धनुर्वाताचेही तसेच, तो झाला तर यंत्रावरचे दिवस आठवड्यांत मोजावे लागतात. त्याची लस मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.

हे यंत्र आले कुठून, याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९५२ सालच्या ऑगस्टमध्ये डेन्मार्क देशात कोपनहेगन शहरी पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम नावाच्या साथरोग रुग्णालयात साथीच्या भरात रोज पन्नासच्या आसपास रुग्ण येऊ लागले. ज्यांचा श्वास लुळा पडला त्यांच्यासाठी श्वासाची यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अशांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक माणसे मरत होती. त्या वेळी ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भुलीच्या डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून घेऊन श्वासनळीत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग काय, वैद्यकीय महाविद्यालयातले सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि आठवडेच्या आठवडे, दिवसरात्र, पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी एक वेगळा विभाग उभा केला. आजच्या अतिदक्षता विभागाचा, आपण ज्याला आय.सी.यू. म्हणतो त्याचा, हा एक मूळपुरुष.

मला या हकिगतीत विद्यार्थ्यांचे फार कौतुक वाटते. पण आपल्या विषयापुरते महत्त्व त्या नळीला आहे. जीव वाचला तो नळीने, आणि नवे दुखणे आत शिरते तेही नळीनेच.

गोठ्यातली गोष्ट आठवा. जनावराला बाटलीने किंवा नाळीने औषध पाजताना मान फार उंच धरली किंवा जीभ ओढून धरली, तर औषध पोटात जाण्याऐवजी श्वासनळीत उतरते. गाय ठसकते, आणि दोन-तीन दिवसांनी धाप लागून न्यूमोनियाने आडवी होते. जनावरांचे डॉक्टर यासाठी कानीकपाळी ओरडत असतात. माणसाच्या घशातही असाच पहारा असतो. घास गिळताना श्वासनळीवर झाकण पडते. चुकून थेंब गेलाच तर ठसका लागतो. श्वासनळीच्या आत बारीक लव असते, ती कफ वर वर ढकलीत राहते. यंत्रावरच्या माणसाचे हे तिन्ही पहारेकरी निकामी झालेले असतात. तोंडातून श्वासनळीत करंगळीएवढी नळी गेल्यामुळे झाकण मिटत नाही, झोपेच्या औषधामुळे खोकला येत नाही, आणि लवेचे काम मंदावते.

नळीच्या खालच्या टोकाशी एक लहान फुगा असतो. त्यात हवा भरून नळीभोवतीची फट बुजवतात. पण बांधाला पडलेले भगदाड कितीही बुजवले तरी ओल झिरपतेच, तसे इथे होते. फुग्याच्या वर लाळ आणि घशातला चिकटा साचतो आणि सुरकुतीसुरकुतीतून थेंब थेंब फुफ्फुसात उतरतो. त्या लाळेत जंतू असतात. आजारी माणसाच्या तोंडात दोन-चार दिवसांतच दवाखान्यातले दांडगे जंतू वस्ती करतात. यंत्रावर सुमारे अठ्ठेचाळीस तास काढल्यानंतर जो न्यूमोनिया होतो, त्याला डॉक्टर यंत्राशी जोडलेला न्यूमोनिया मानतात. ताप येतो, नळीतून घट्ट, पिवळा कफ निघतो, यंत्राचा प्राणवायू वाढवावा लागतो, छातीच्या फोटोत नवा पांढरा डाग दिसतो.

विषबाधेच्या रुग्णाची छाती तर आधीच दुखावलेली असते. औषध ज्या तेलकट द्रावणात मिसळलेले असते ते उलटीवाटे छातीत गेले तर फुफ्फुस आतून भाजते, आणि भाजलेल्या जागी जंतू लवकर धरतात. म्हणून विष पोटात गेलेल्या माणसाला मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून ओकायला लावू नका. शुद्ध हरपत असेल तर मुळीच नाही. कुशीवर निजवा, अंगावरचे भिजलेले कपडे काढा, अंग धुवा आणि १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

हे जंतू कोणते? क्लेब्सिएला, अॅसिनेटोबॅक्टर आणि सुडोमोनास ही नावे आपल्या देशातल्या आय.सी.यू.त पुन्हा पुन्हा ऐकू येतात. सुडोमोनास म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील. आपण बीजप्रक्रियेला वापरतो तो सुडोमोनास फ्लुरोसन्स याच कुळातला. पण दवाखान्यातला त्याचा भाऊबंद सुडोमोनास एरुजिनोसा हा निराळा आणि दुष्ट. ओलावा असेल तिथे तो तग धरतो : नळाचे भांडे, पाण्याचा डबा, यंत्राची ओली नळी.

आता रक्तातल्या जंतूंचे. गंभीर रुग्णाला हाताच्या बारीक शिरेतून सगळी औषधे देता येत नाहीत. म्हणून मानेजवळच्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत एक लांब नळी घालतात. तिचे टोक हृदयाच्या उंबऱ्यापर्यंत पोचते. तिला सेंट्रल लाइन म्हणतात. ती घालताना कातडीवरचा एखादा जंतू सोबत गेला, किंवा पुढे तिच्या तोंडाशी औषध जोडताना हात अस्वच्छ असले, तर जंतूला थेट रक्ताची वाट मिळते. गायीच्या सडाचे छिद्र दूध काढल्यावर काही वेळ उघडे राहते आणि त्यातून जंतू शिरून दगडी होते, तसाच हा प्रकार. शिवाय फुफ्फुसातला न्यूमोनिया वाढला तर तिथूनही जंतू रक्तात उतरतात. लघवीच्या नळीवाटेही उतरतात. मग थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते, माणूस भ्रमात बडबडतो. ही वेळ तासातासाने मोजण्याची असते. पहिले प्रतिजैविक लवकर आणि योग्य पडले तर माणूस सावरतो.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना एक गोष्ट चटकन कळेल. ठिबकच्या नळीत आतून शेवाळाचा आणि चिकट्याचा थर बसतो. नुसते पाणी सोडून तो जात नाही. क्लोरीन किंवा आम्ल सोडावे लागते. माणसाच्या शरीरातल्या नळीवरही जंतू असाच चिकट थर विणतात आणि त्याखाली दडून बसतात. प्रतिजैविक वरून वाहून जाते, तळच्या जंतूंना त्याचा थांगही लागत नाही. शिरेत काही क्लोरीन सोडता येत नाही. बहुतेक वेळा ती नळीच काढावी लागते. डॉक्टर "गळ्याची लाइन बदलतो" म्हणाले तर नवा खर्च कशाला, असा वाद घालू नये.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. चूक कोणाची?

फार वर्षे डॉक्टर मंडळींचीही अशी समजूत होती, की इतक्या आजारी माणसाला नळ्या घातल्यावर थोडाफार संसर्ग व्हायचाच. ही समजूत खोटी ठरवली ती अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कामाने. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन घालण्यासाठी पाच साध्या गोष्टींची यादी केली : हात धुणे, कातडी क्लोरहेक्सिडीनने पुसणे, टोपी, मास्क, झगा, हातमोजे घालून रुग्णाला मोठ्या निर्जंतुक चादरीने झाकणे, जमेल तिथवर जांघेतली शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. यात एकही नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही. या पाचही गोष्टी डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होत्या. नवे एवढेच, की यादी प्रत्येक वेळी मोठ्याने तपासायची आणि डॉक्टरने पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचे. हा अधिकार नर्सला दिला, यातच सारे आले. हाताखालच्या माणसाने साहेबाला थांबवणे आपल्याकडे किती अवघड असते, ते मी सरकारी नोकरीत रोज पाहतो.

मिशिगनमधल्या १०३ अतिदक्षता विभागांचे आकडे २००६ साली प्रसिद्ध झाले. आधी दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ रक्तसंसर्ग होत असत; दीड वर्षाच्या सुमारास ते १.४ वर आले. निम्म्याहून अधिक विभागांत तर तीन-तीन महिने एकही संसर्ग होईना.

तेव्हा बाई, माझे उत्तर असे. आजार नळीच्या पोटीच येतो आणि नळीशिवाय तुमचे दीर पहिल्याच सकाळी गेले असते. म्हणून संसर्ग झाला की लगेच कोणाच्या गळ्याला हात घालणे योग्य नाही. दगडफेक करून तर कोणाचाच रुग्ण बरा होत नाही. मात्र "नशिबात होते" असे म्हणून गप्प बसणेही योग्य नाही. यातले पुष्कळ संसर्ग टळू शकतात हे सिद्ध झालेले आहे. ज्या दवाखान्यात दोन खाटांमध्ये हात धुवायला नळ आणि साबण नाही, जिथे एक नर्स आठ-दहा यंत्रे सांभाळते, तिथे संसर्ग जास्त होणार. त्याचा जाब मागायचा तर तो व्यवस्थेला मागावा. पाळीवरच्या त्या पोरीला नव्हे.

न्यूमोनिया टाळण्याच्या गोष्टीही अशाच साध्या आहेत. १९९९ साली स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात डॉक्टरांनी यंत्रावरचे ८६ रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाला सपाट निजवले, दुसऱ्याची उशाकडची बाजू पंचेचाळीस अंशांपर्यंत उचलून ठेवली. सपाट निजलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना न्यूमोनियाची लक्षणे दिसली, उचललेल्यांपैकी ८ टक्क्यांना. कारण उघड आहे. नाकातल्या नळीने पोटात सोडलेले अन्न उतार मिळाला की घशाकडे येते. पाणी उताराकडे जाते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पलंगाचे डोके उचलायला पैसा लागत नाही. फक्त काही रुग्णांच्या पाठीला किंवा मणक्याला मार असतो, तिथे डॉक्टर सांगतील तसेच.

दुसरी गोष्ट रोजच्या जागरणाची. यंत्रावरच्या माणसाला झोपेची औषधे देतात. ती रोज सकाळी कमी करून माणूस स्वतः श्वास घेतो का हे पाहिले, तर नळी लवकर निघते. नळीचा एकेक दिवस कमी होणे म्हणजे जंतूंची एकेक संधी कमी होणे. तिसरी गोष्ट तोंडाची. रुग्णाचे दात रोज ब्रशने घासले तर न्यूमोनिया कमी होतो असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. पूर्वी तोंड क्लोरहेक्सिडीनने धुण्यावर भर होता. आता तो भर कमी होऊन साधा ब्रश पुढे आला आहे. आणि फार दिवस लागणार असतील तर डॉक्टर गळ्याला छिद्र पाडून नळी तिथे बसवायला सुचवतात. "गळा कापला म्हणजे आता संपले" असे समजून घरात रडारड होते, ती करू नये. ते छिद्र पुढे भरून येते, आणि तोवर माणसाला झोपेचे औषध कमी लागते.

घरच्यांनी काय करावे? आत जाण्यापूर्वी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत किंवा दाराशी टांगलेला द्रव तळव्यांना नीट चोळावा. बाहेर आल्यावर पुन्हा. अंगठ्या, बांगड्यांच्या फटी धुवाव्यात. दुसऱ्या खाटेवरच्या ओळखीच्या माणसाला शिवून मग आपल्या माणसाला शिवू नये. शेजाऱ्याच्या दगडी झालेल्या गायीची कास पिळून कोणी आपल्या गायीखाली बसतो का? गावातून पन्नास माणसे भेटीला आणण्याची गरज नाही, दोघे पुरेत. खाटेवर बसू नये, नळ्यांना हात लावू नये.

आता एक नाजूक गोष्ट. यंत्रावरच्या माणसाच्या तोंडात श्रद्धेने तीर्थ, गंगाजल, तुळशीचे पाणी घालण्याची आपल्याकडे रीत आहे. भावना मी जाणतो. पण वर सांगितलेला फुगा आठवा. ते चमचाभर पाणी पोटात जात नाही. घशात साचते आणि तोंडातले जंतू घेऊन छातीत उतरते. तीर्थ कपाळाला लावावे. चहा, पेज, नारळपाणी गुपचूप भरवण्याचेही तसेच. नळी निघाल्यावरही पहिला घोट नर्सला विचारूनच द्यावा, कारण गिळण्याची सवय परतायला वेळ लागतो.

डॉक्टरांना प्रश्न विचारायला भिऊ नये, पण आवाज चढवू नये. रोज दोनच गोष्टी विचारा : "आज झोपेचे औषध कमी करून पाहिले का?" आणि "गळ्याची नि लघवीची नळी आज लागतेच आहे का?" हे दोन प्रश्न चांगल्या डॉक्टराला राग आणीत नाहीत. ताप आला तर विचारा, "प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे आणि कफाचे कल्चर पाठवले का?" कल्चर म्हणजे जंतू वाढवून तो कोणता आणि कोणत्या औषधाला मरतो हे पाहणे. आपल्या माती परीक्षणासारखेच समजा. ते न करता खताच्या गोण्या ओतणाऱ्याला आपण काय म्हणतो? फरक एवढाच, की रुग्ण खालावत असेल तर अहवालाची वाट पाहत औषध थांबवता येत नाही. नमुना घेऊन अंदाजाने सुरू करतात आणि अहवाल आल्यावर बदलतात.

"साहेब, भारीतले इंजेक्शन द्या आणि जास्त दिवस द्या," असा आग्रह मात्र धरू नका. २००३ साली फ्रान्समधल्या ५१ अतिदक्षता विभागांत यंत्रावरच्या न्यूमोनियाला पंधरा दिवसांऐवजी आठ दिवस औषध देऊन पाहिले. मृत्यू वाढले नाहीत. सुडोमोनाससारख्या काही जंतूंच्या बाबतीत आजार उलटण्याचे प्रमाण आठ दिवसांत थोडे जास्त दिसले, एवढेच. रक्तातल्या संसर्गाचा याहून मोठा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला : सात देश, ७४ रुग्णालये, ३६०८ रुग्ण. सात दिवस औषध घेतलेले आणि चौदा दिवस घेतलेले यांत सात दिवसवाले कुठेही मागे पडले नाहीत. नव्वद दिवसांत पहिल्या गटातले १४.५ टक्के आणि दुसऱ्यातले १६.१ टक्के रुग्ण दगावले. काही जंतू आणि काही जागचे संसर्ग याला अपवाद असतात. तिथे जास्त दिवस द्यावेच लागतात. ते डॉक्टर ठरवतील.

लांबवलेल्या औषधाचे नुकसान काय? तुम्ही ते बोंडअळीवर आणि घाटेअळीवर पाहिले आहे. एकच औषध पुन्हा पुन्हा मारले की ज्या चार अळ्या त्याला दाद देत नाहीत त्या उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच. जंतूंची पिढी अर्ध्या-पाऊण तासाची असते, एवढा हिशेब पुरे. सर्दीला दुकानातून आणलेल्या चार गोळ्या, अंगदुखीला "एक सुई टोचाच" म्हणून घेतलेले इंजेक्शन यांनी आपल्या आतड्यात असे निर्ढावलेले जंतू आधीच तयार होतात. मग एखाद्या रात्री मण्यार चावली, की ते जंतू आपल्याबरोबरच आय.सी.यू.त जातात.

गोठा आणि शेड यांच्याविषयी आता थोडे स्पष्ट बोलतो. कोलिस्टिन नावाचे एक प्रतिजैविक आहे. १९५० च्या सुमारास जपानमध्ये ते जमिनीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून माणसांत ते मागे पडले होते. पुढे आय.सी.यू.तले जंतू बाकीच्या औषधांना जुमानेनासे झाले, तेव्हा हेच औषध शेवटच्या हत्यारांपैकी एक म्हणून परत काढावे लागले. आणि त्याच काळात ते कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढावे म्हणून मिसळले जात होते. २०१५ साली चीनमध्ये डुकरांत असे जंतू सापडले, की ज्यांच्याजवळचा कोलिस्टिनला न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. उशिरा झाली, पण झाली.

आय.सी.यू.तल्या सगळ्या दांडग्या जंतूंचे खापर शेतकऱ्यावर फोडणारे लेख मी वाचले आहेत. ते मला पटत नाहीत. माणसांत होणारा वारेमाप वापर आणि दवाखान्यातली अस्वच्छता यांचा वाटा मोठा आहे. पण आपला वाटा शून्य नाही. खाद्याच्या पोत्यावर काय लिहिले आहे ते वाचा. "वाढीसाठी" म्हणून कोणी पुडी देत असेल तर तिच्यावरचे नाव लिहून घ्या आणि पशुवैद्यकाला दाखवा. दगडीला स्वतःच्या मनाने सडात ट्यूब सोडू नका, आणि औषध चालू असताना व त्यानंतर सांगितलेले दिवस दूध डेअरीत घालू नका. डाळिंबवाल्यांनी तेल्यावर स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लीनच्या पुड्या फवारण्याची सवय सोडावी. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने या औषधाच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा आदेश काढला, तो याच काळजीपोटी. रोगट फांद्यांची छाटणी, कात्रीचे निर्जंतुकीकरण आणि बागेची स्वच्छता हे जुने उपाय आहेतच.

पैशाचे दोन शब्द. रुग्णाला दाखल केल्याच्या पहिल्याच दिवशी दवाखान्यात आरोग्यमित्र कोण आहे ते शोधा आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला आजार व तो दवाखाना बसतो का, ते विचारा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्या. गहाणखत लिहून झाल्यावर योजनेची आठवण होऊन उपयोग नसतो.

कागदांचेच निघाले म्हणून सांगतो. विषबाधा असेल तर औषधाची बाटली किंवा डबा, त्यावरच्या लेबलासकट, रुग्णाबरोबर न्या. आणि घरी येताना डिस्चार्ज कार्डाबरोबर कल्चरच्या अहवालांच्या प्रती मागून घ्या. त्यात कोणता जंतू निघाला आणि तो कोणत्या औषधांना मेला नाही, हे लिहिलेले असते. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा ताप आला, छाती भरली, किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली, तर तोच कागद पहिल्यांदा नव्या डॉक्टरांपुढे ठेवा. सातबाऱ्याचा उतारा ज्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवता, तिच्यातच तोही ठेवा.